नाव, प्रकरण आणि वन

१

गुन्ह्यात बळी गेलेल्या एखाद्या कोवळ्या वयाच्या व्यक्तीचे नाव राखीव वनाला, पक्षी-अभयारण्याला किंवा निसर्ग-उद्यानाला द्यावे, अशी सूचना पुढे आली की तिचा विचार बहुधा दोनच अंगांनी होतो. एक अंग भावनेचे, दुसरे प्रशासकीय औचित्याचे. या दोहोंच्या मध्ये असलेला मूळ प्रश्न मात्र विचारावाचून राहतो. मृत व्यक्तीचे नाव एखाद्या स्थळाला देणे म्हणजे त्या व्यक्तीच्या बाबतीत नेमके काय करणे? तो सन्मान असतो, वापर असतो, की दुसऱ्यांदा केलेले दफन असते? हा प्रश्न नीतीचा आहे तितकाच भाषेचाही आहे. कारण येथे जे काही घडते ते नावाच्या द्वारे घडते.

जॉन स्टुअर्ट मिल याने १८४३ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या तर्कशास्त्रावरील ग्रंथात विशेषनामाविषयी एक प्रसिद्ध भूमिका मांडली. विशेषनाम वस्तूचा निर्देश करते. तिच्या कोणत्याही गुणाचे सूचन करीत नाही. त्याने दिलेले उदाहरण स्थळनामाचेच आहे. डार्ट नदीच्या मुखाशी वसलेले म्हणून ते गाव डार्टमथ झाले. पण उद्या नदीचे मुख वाळूने बुजले अथवा प्रवाहच बदलला, तरी गावाचे नाव बदलण्याचे कारण नाही. नाव एकदा जडले की ते आपल्या कारणापासून मोकळे होते.

ठाणे-कल्याण परिसरात या विचाराची प्रचीती देणारे एक नाव आहे. फाळणीनंतर आलेल्या सिंधी निर्वासितांची जी वस्ती ‘कल्याण कॅम्प’ म्हणून ओळखली जात होती, तिला १९४९ साली उल्हासनगर हे नाव मिळाले. ते उल्हास नदीवरून आले असले तरी सर्वस्व गमावून आलेल्या माणसांच्या वस्तीला ‘उल्हास’ म्हणण्यात एक आशाही असणार. व्यवहारात मात्र तेथील रहिवासी आजही पत्ता सांगताना ‘कॅम्प नंबर’च सांगतात. आशा कागदावर राहिली, छावणी जिभेवर राहिली आणि दोन्ही नावे आपापल्या कारणांपासून मोकळी होऊन केवळ निर्देश करीत राहिली.

२

याच उल्हासनगरात मार्च १९९० मध्ये दहावीच्या परीक्षेचा पेपर लिहीत असलेल्या रिंकू पाटील या विद्यार्थिनीला परीक्षाकेंद्रातच जाळून मारण्यात आले. एकतर्फी प्रेमातून घडलेल्या या हत्येने महाराष्ट्र हादरला. त्यानंतर मराठी वृत्तलेखनात ‘रिंकू पाटील प्रकरण’ हा शब्दबंध रूढ झाला. १९९८ साली सांगलीत अमृता देशपांडे हिची भररस्त्यात हत्या झाली तेव्हा, आणि पुढेही तशा स्वरूपाच्या घटना घडल्या तेव्हा, हे नाव मालिकेतील पहिले म्हणून उच्चारले जात राहिले.

येथे मिलची उपपत्ती अपुरी पडते. हे विशेषनाम केवळ निर्देश करीत नाही. ते एका कृत्याचे संपूर्ण सूचन करते. व्याकरणदृष्ट्या पाहिले तर ‘रिंकू पाटील प्रकरण’ या शब्दबंधात मुख्य पद ‘प्रकरण’ हे आहे. मुलीचे नाव त्याचे विशेषण झाले आहे. ‘प्रकरण’ हा शब्दही लक्षात घेण्याजोगा आहे. ग्रंथाचा भाग म्हणजे प्रकरण, आणि कचेरीत चालणारे कामही प्रकरणच. दोन्ही अर्थांत प्रकरणाला आरंभ असतो आणि समाप्ती असते. या प्रकरणाचा आरंभ मारेकऱ्याच्या इच्छेपासून होतो आणि समाप्ती त्याच्या कृत्यापाशी. कथनाच्या परिभाषेत बोलायचे तर क्रियापदांचा कर्ता तो आहे. ती कर्मपदी आहे. मारेकऱ्याने तिचे आयुष्य संपवले, आणि भाषेने तिचे नाव त्याच्या कथेचे शीर्षक म्हणून वापरले.

याच्या उलट दिशेने चालणारी प्रक्रियाही परिचयाची आहे. खैरलांजी (२००६), कोपर्डी (२०१६), बदलापूर (२०२४) या नावांचे काय झाले आहे ते पाहावे. कधी पीडितेची ओळख उघड करण्यास कायद्याची मनाई असल्यामुळे, तर कधी वृत्तलेखनाच्या सवयीमुळे, गुन्ह्याने येथे गावाचे नाव धारण केले. कोणत्याही ग्रामसभेने वा महासभेने ठराव न करता ही गावे विशेषणे झाली. गुन्हा स्वतःचे नामकरण-सामर्थ्य बाळगतो आणि ते वापरताना कोणाची अनुमती घेत नाही. मृत मुलीचे नाव एखाद्या स्थळाला विचारपूर्वक देण्याची कल्पना या पार्श्वभूमीवर तपासली पाहिजे. गुन्ह्याने बळकावलेले नामकरणाचे सामर्थ्य परत घेण्याचा तो प्रयत्न ठरू शकतो. तो तसा ठरतो का, हा खरा प्रश्न.

३

महाराष्ट्राच्या स्मरण-परंपरेत अकाली मृत्यूसाठी काही निश्चित प्रकार उपलब्ध आहेत. लढताना, गाईगुरांचे किंवा गावाचे रक्षण करताना पडलेल्यासाठी वीरगळ. सहगमन केलेल्या स्त्रीसाठी सतीशिळा. आणि आधुनिक काळात राष्ट्रासाठी वा चळवळीसाठी प्राण देणाऱ्यासाठी हुतात्मा ही पदवी. या तिन्हींत एक समान अट आहे. मृत्यू ‘कशासाठी तरी’ असला पाहिजे. ‘हुतात्मा’ या शब्दातच आहुती आहे. डिसेंबर २०१२ मध्ये डोंबिवलीत मैत्रिणीची छेड काढणाऱ्यांना हटकल्यामुळे एका एकोणीस वर्षांच्या तरुणाचा खून झाला. त्या मृत्यूला वीरगळाच्या परंपरेत सहज जागा मिळू शकते; त्याने रक्षणार्थ काही केले होते. परीक्षेला बसलेल्या मुलीने काय केले होते? ती उत्तरे लिहीत होती. तिचा मृत्यू कशासाठीही नव्हता. परंपरेपाशी तिच्यासाठी शिळा नाही.

‘बळी’ हा शब्दही या अडचणीतून सुटका करीत नाही. बळी मूलतः देवतेला अर्पण करावयाचा असतो. ज्याचा बळी जातो त्याच्या मृत्यूला अर्पणाचे रूप आपोआप चिकटते. नव्या काळातील योजलेली नावे तर याहून पुढे जातात. दिल्लीतील २०१२ च्या अत्याचारानंतर रूढ झालेले ‘निर्भया’ हे नाव गुणवाचक आहे. त्यात प्रशंसा आहे, पण त्याबरोबर एक मागणीही दडलेली आहे. मृत मुलीने निर्भय असायला हवे होते काय? ती भ्यालेली असेल तर तिच्या मृत्यूचे दुःख उणे ठरते काय? गुणवाचक नावात व्यक्ती उरत नाही, आदर्श उरतो. आणि आदर्शाला आईवडील, शाळा, हस्ताक्षर यांपैकी काही नसते.

लोकपरंपरेत मात्र एक वेगळी आकृती आढळते, ती मुंज्याची. मुंज झालेला पण लग्न न झालेला मुलगा अकाली गेला की तो पिंपळावर वास करतो, ही समजूत महाराष्ट्रात सर्वत्र आहे. या समजुतीत भय आहे, मुलींना तीत स्थान नाही आणि ती एका वर्णाच्या संस्काराशी बांधलेली आहे, हे मान्य केले पाहिजे. तरीही तिच्यात एक सूक्ष्म जाणीव आहे. ज्याचे आयुष्य अपुरे राहिले त्याला पराक्रमाची अट न घालता झाड देण्यात येते. मुंज्याने काही केलेले नसते. तो फक्त लवकर गेलेला असतो. कर्तृत्वावाचून स्मरण, आणि तेही वृक्षाच्या आश्रयाने, ही कल्पना परकी नाही. तिचे मूळ याच मातीत आहे.

४

स्मरणासाठी चौक किंवा पुतळा न निवडता वन का निवडावे, याचे उत्तर येथून मिळू लागते. पुतळ्याला मुद्रा द्यावी लागते आणि मुद्रेला अर्थ. चौकाला फलक लागतो, आणि शहरी फलकावर ज्याच्या निधीतून काम झाले त्याचे नाव स्मृतव्यक्तीच्या नावाशी आकाराने स्पर्धा करते. वनाला असा संदेश नसतो. ते कोणाच्या वतीने बोलत नाही.

पण वनाचे नामकरणही निरागस नसते, याचा पुरावा ठाण्याच्या सीमेवरच उभा आहे. मुंबई उपनगर आणि ठाणे या दोन जिल्ह्यांत सुमारे १०४ चौरस किलोमीटर पसरलेले राष्ट्रीय उद्यान पूर्वी कृष्णगिरी आणि नंतर बोरिवली या नावाने ओळखले जात होते. त्याला १९८० साली विमान-अपघातात अकाली मरण पावलेल्या संजय गांधींचे नाव देण्यात आले. मृत्यू तरुण वयातला होता. नामकरणामागची प्रेरणा मात्र सत्तेची होती. ठाणेकर त्या वनाला ‘येऊरचे जंगल’ म्हणतात, मुंबईकर ‘नॅशनल पार्क’. वनातील पाड्यांवर राहणाऱ्या आदिवासींची ओढ्यांना आणि टेकड्यांना स्वतःची नावे आहेत. राजपत्रातील नाव या बोलीतल्या नावांना पुसू शकले नाही. त्यांच्यात मिसळूही शकले नाही.

याच वनातील कान्हेरीची लेणी नामकरणाची दुसरी शक्यता दाखवतात. तेथील प्राचीन शिलालेखांत दात्यांची नावे आहेत, आणि त्यांत कल्याणचे रहिवासी आहेत. कोणी लेणे दिले, कोणी पाण्याची पोढी खोदवली. काही दाने मातापित्यांच्या पुण्यासाठी आहेत. येथे नाव अरण्यावर मालकी सांगत नाही. ते पाण्याशेजारी नम्रपणे उभे राहते. नाव कोणासाठी दिले आणि त्यातून तहानलेल्याला काय मिळाले, या दोन गोष्टी तेथे एकत्र असतात.

ब्राझीलचे उदाहरण तिसऱ्या प्रकारचे आहे. रबराच्या झाडांवर जगणाऱ्या कामगारांचा नेता चिको मेंडेस याची डिसेंबर १९८८ मध्ये हत्या झाली आणि मार्च १९९० मध्ये आक्रे प्रांतातील मोठे राखीव वन त्याच्या नावाने स्थापन झाले. त्या वनासाठीच तो मारला गेला होता. नाव आणि स्थळ यांत कार्यकारणसंबंध होता. उल्हासनगरची घटनाही नेमकी त्याच महिन्यातली. परंतु परीक्षार्थी मुलीचा कोणत्याही वनाशी असा संबंध नव्हता. तिचे नाव वनाला दिल्यास ते मिलच्या अर्थाने शुद्ध नाव असेल : कारणावाचून जडलेले. यात उणीव दिसते; वस्तुतः तीच या कल्पनेची नैतिक जमेची बाजू आहे. ज्या स्थळाशी गुन्ह्याचा संबंध नाही तेथेच नाव गुन्ह्यापासून सुटू शकते. ‘पहाटे अमुक वनात पक्षी पाहायला जाऊ’ किंवा ‘यंदा तिथे पाऊस लवकर लागला’ अशा वाक्यांत येणारे नाव कोणाच्या कृत्याचे विशेषण नसते. ज्या साध्या वाक्यांत ती जगणार होती, त्यांत तिचे नाव तरी वावरू लागते.

५

यावर गंभीर आक्षेप असा की, अशा सामान्यीकरणातून विस्मरण घडेल आणि समाज सहज दोषमुक्त होईल. वन हिरवे होईल, आणि मुलींना शाळेच्या वाटेवर वाटणारे भय तसेच राहील. हा आक्षेप खरा आहे. पण तो नावावर चुकीचे ओझे टाकतो. गुन्ह्याचे स्मरण ठेवणे हे न्यायालयाचे, शिक्षणाचे, कायद्याचे आणि समीक्षेचे काम आहे. ते काम मृत मुलीच्या नावाने करावे हा आग्रह म्हणजे तिला मरणोत्तर कामाला लावणे होय. कांटच्या नीतिविचारात व्यक्तीला केवळ साधन मानण्यास जी मनाई आहे, ती मृत्यूनंतर शिथिल होते असे मानण्यास आधार नाही. कोपर्डीच्या घटनेनंतर निघालेल्या मूक मोर्चांत न्यायाच्या मागणीशेजारी आरक्षणाची आणि अॅट्रॉसिटी कायद्यातील बदलाची मागणी उभी राहिली, आणि पुढे २०१७ मध्ये तेथील स्मारकावरूनही वाद झाला. त्या मागण्यांचे गुणदोष हा स्वतंत्र विषय आहे. शोक आणि मागणी एकाच फलकावर आले की शोक मागणीचे प्रास्ताविक होतो, एवढे त्यातून दिसते.

दुसरी अडचण संमतीची. मृताची संमती मिळू शकत नाही. आईवडिलांची संमती आवश्यक आहे, पण ती तिची संमती नव्हे. लैंगिक अत्याचाराच्या गुन्ह्यांत तर कायदाच आड येतो. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१८ च्या निपुण सक्सेना खटल्यातील निर्णयात स्पष्ट केले की, पीडिता मृत असली आणि नातलगांनी अनुमती दिली, तरी सत्र न्यायाधीशांना परिस्थितीनुसार ते योग्य वाटल्यावाचून तिची ओळख उघड करता येणार नाही. अशा वेळी गुणवाचक टोपणनाव शोधण्यापेक्षा वन निनावी ठेवणे अधिक प्रामाणिक ठरेल.

तिसरी अडचण जुन्या नावांची. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव १९७८ साली विधिमंडळात झाला आणि अनेकांचे रक्त सांडल्यानंतर १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार झाला. तो लढा समतेचा होता. त्याची तुलना येथे गैरलागू आहे. मात्र ‘नामांतर’ आणि ‘नामविस्तार’ हा त्याने मराठीला दिलेला भेद उपयोगी आहे. एका अन्यायाचे स्मरण करताना ठाकर-वारल्यांच्या किंवा कोळ्यांच्या नावावर दुसरा अन्याय होऊ नये, तर जुने नाव राखून त्याला नवे जोडावे लागेल.

राहतो तो फलकाचा प्रश्न : त्यावर काय लिहावे? हत्येची हकिकत लिहिली तर वन पुन्हा प्रकरण होईल. काहीच लिहिले नाही तर नाव पोकळ वाटेल. नाव, जन्माचे आणि मृत्यूचे साल, आणि ती विद्यार्थिनी होती एवढे लिहिणे पुरे. दोन सालांमधले अंतर वाचणारा स्वतःच मोजेल. ते इतके थोडे का, हे विचारील. मारेकऱ्याला त्या फलकावर कर्तृपद मिळणार नाही. प्रकरणाने तिच्या नावावाचून स्मरणात राहावे आणि तिच्या नावाने प्रकरणावाचून जगावे, ही विभागणी ज्या नामकरणात साधेल तेच नैतिकदृष्ट्या समर्थनीय ठरेल. जेथे ती साधणार नसेल तेथे झाडे लावावीत आणि नाव तिच्या घरच्यांपाशी राहू द्यावे.