सतराव्या वर्षीचा शब्द

काही प्रश्न आपण मुद्दाम लहान करून विचारतो. मुलीला हे स्थळ मनापासून पसंत आहे का, हे राहते बाजूला आणि घरभर चर्चा चालते ती कार्यालय कोणते घ्यावे याची. लहान प्रश्नाला उत्तर असते, म्हणून तो बरा वाटतो.

असाच एक प्रश्न यंदा माझ्याकडे आला. माझी धाकटी बहीण अमेरिकेत न्यू जर्सीत असते. तिच्या सोळा वर्षांच्या मुलीला डॉक्टर व्हायचे आहे. (की तिच्या आईला तिला डॉक्टर करायचे आहे? हा भेद कोणत्याच मराठी घरात फार खोलात जाऊन पाहू नये.) तर प्रश्न असा की, पोरीने एस.ए.टी. द्यावी की ए.सी.टी.? माझी स्वतःची मजल मॅट्रिकपर्यंत. पण घोर लागलेली आई शाळामास्तर भावालाही सल्ला विचारते.

तिकडची रीत आपल्यासारखी नाही. आपल्याकडे मूल बारावीनंतर 'नीट' देऊन थेट एम.बी.बी.एस.ला जाते. तिकडे आधी चार वर्षांची पदवी, मग एम.कॅट. नावाची परीक्षा, मग चार वर्षे वैद्यक. मात्र काही विद्यापीठांनी एक जोडवाट काढली आहे : शाळेतूनच मूल निवडायचे आणि पदवी व वैद्यक या दोन्हींची जागा त्याला एकदमच द्यायची. मिसुरी विद्यापीठाच्या कॅन्सस सिटीतील शाखेचा असा अभ्यासक्रम सहा वर्षांचा, तर ब्राउन विद्यापीठाचा आठ वर्षांचा. जागा मूठभर आणि उमेदवार पोतेभर.

प्रश्नापुरते उत्तर सोपे आहे. महाविद्यालये दोन्ही परीक्षा सारख्याच मानतात. एस.ए.टी.त १३४ मिनिटांत ९८ प्रश्न, ए.सी.टी.च्या २०२५ पासूनच्या नव्या रूपात १२५ मिनिटांत १३१. म्हणजे पहिलीत विचाराला थोडी उसंत आहे, दुसरीत चपळाई हवी. ए.सी.टी.तला विज्ञानाचा भाग आता ऐच्छिक झाला आहे. डॉक्टर होऊ पाहणाऱ्याने विज्ञानाला ऐच्छिक म्हणावे का, हे ज्याचे त्याने पाहावे! घड्याळ लावून दोन्हींचा एकेक सरावाचा पेपर सोडवावा, बरी जमेल ती धरावी आणि दुसरीचे नाव टाकावे. झाले.

पण या लहान प्रश्नाच्या आड जो मोठा प्रश्न उभा आहे, त्याचे काय? सतराव्या वर्षी मुलाकडून आयुष्याच्या धंद्याचा शब्द घ्यावा का?

पहिले उत्तर 'नाही' असेच येते. माझ्या वर्गातली मुले दर सत्राला नवा धंदा निवडतात. पण घाई करू नये. आनंदीबाई जोशी १८८३ साली फिलाडेल्फियाला वैद्यक शिकायला गेल्या, तेव्हा अठराच वर्षांच्या होत्या. चौदाव्या वर्षी झालेले मूल दहा दिवसांत गेले, ते दुःख पाठीशी होते. १८८६ साली त्या डॉक्टर झाल्या. कोवळ्या वयातला निश्चय पोकळ असतो, असे म्हणण्याची माझी तरी छाती नाही. गोपाळरावांचा हट्टही त्यात होता, हे खरे. त्या निश्चयात बाईंचे किती आणि नवऱ्याचे किती, याचा हिशेब वाचक अजून करीत आहेत. शिवाय या जोडवाटेच्या बाजूनेही बोलण्यासारखे आहे. ब्राउनमध्ये या मुलांना एम.कॅट. द्यावी लागत नाही. जागेची धास्ती नाही, तेव्हा त्यांनी इतिहास, संगीत, तत्त्वज्ञान मोकळ्या मनाने शिकावे, अशी त्यामागे कल्पना आहे. बांधून घेतल्याने मन मोकळे होते हे ऐकायला विचित्र वाटेल, पण संसारी माणसांपैकी निदान काहींना ते पटावे.

माझी अडचण निराळीच आहे. या जागा नुसत्या गुणांवर मिळत नाहीत. रुग्णसेवा केलेली दाखवावी लागते, डॉक्टरांच्या मागे उभे राहून काम पाहावे लागते, आणि 'मला डॉक्टर का व्हायचे आहे' यावर निबंध लिहावा लागतो. माझी भाची दर शनिवारी एका वृद्धाश्रमात जाते आणि किती तास गेले ते वहीत मांडते. ती मला म्हणाली, "मामा, तिथल्या एका आजींना मी वर्तमानपत्र वाचून दाखवते. पण ते त्यांच्यासाठी करते की तासांसाठी, माझं मलाच कळत नाही रे."

निष्काम कर्माचे उत्तर आपल्याकडे तयार असते. ते मी तिला दिले नाही. फळ दाखवून काम सांगायचे आणि वर फळाची आशा धरू नकोस म्हणायचे, हे मला अप्रामाणिक वाटते. आजींच्या बाजूने पाहिले तर वाचन झाले, दुपार बरी गेली. वहीतल्या नोंदीने त्यात काही उणे होत नाही. पाणी देणाऱ्याचा हेतू पाण्यात उतरत नसतो. उणे होते ते पोरीच्या बाजूने. जी ओढ तिला स्वतःलाच अजून पुरती उमगलेली नाही, ती तिने परक्या माणसांपुढे निबंधात सिद्ध करायची, आणि जो प्रश्न तिने मला विचारला, नेमका तोच तेथे लपवायचा! 'मी डॉक्टर झालो तर' हा निबंध मी दर वर्षी तपासतो. 'मी गोरगरिबांची फुकट सेवा करीन' हे वाक्य तीस वह्यांत एकाच ठशाचे सापडते. मुले खोटे बोलत नाहीत. गुण कशाला मिळतात ते त्यांना ठाऊक असते, एवढेच.

शब्द घेण्याला माझी हरकत नाही. शंका झाकायला शिकवण्याला आहे. पुढे ज्याच्या हाती आपण आपली नाडी देणार, त्याला 'मला अजून खात्री नाही, आणखी एकदा तपासू' असे म्हणता आले पाहिजे. आणि ते म्हणण्याची सवय आपण दारातच मोडतो.

माझ्या हाती असते तर मी हा निबंध दोनदा लिहवून घेतला असता : एकदा प्रवेशाच्या वेळी, आणि एकदा तिसऱ्या वर्षी, रुग्णालयाचा वास अंगवळणी पडल्यावर. दुसऱ्याला गुण नाहीत, आणि त्यात काहीही लिहिले तरी जागा जाणार नाही. पहिला निबंध मात्र तोवर कुलुपात ठेवायचा; नाहीतर मुले तोच उतरवून काढतील.