आईला कोणी विचारले?



आमची आई दोन वर्षे डोनेपेझिलची गोळी घेत होती. 'ताकदीची गोळी आहे,' असे आम्ही भावंडांनी तिला सांगितले होते. अल्झायमर हा शब्द घरात काढायचा नाही, असे आमचे ठरलेच होते. पुढे ती गोळी थुंकू लागली, तेव्हा आम्ही ती केळ्यात दडवून देऊ लागलो. (पापनिवेदनात हे आमच्यापैकी कोणी सांगितले नाही.)

या गोळीने रोग बरा होत नाही, हे डॉक्टरांनी आम्हाला आधीच सांगितले होते. मेंदूतील पेशी एकमेकींना निरोप देतात त्यासाठी लागणारे अॅसिटिलकोलीन या रोगात कमी पडते. गोळी ते लवकर मोडू देत नाही. काहींना त्याने काही काळ थोडे बरे वाटते, पण पेशी मरायच्या थांबत नाहीत. मळमळ, जुलाब होऊ शकतात. आईची तर भूकच गेली. शेवटी डॉक्टरांना विचारून गोळी बंद केली, तेव्हा आम्हा भावंडांत भांडण झाले. 'तुम्ही आईची आशा सोडली,' असे धाकटा म्हणाला.

कॅथलिक धर्मशिक्षणाच्या ग्रंथात (परिच्छेद २२७८) सांगितले आहे, की अपेक्षित लाभाच्या मानाने फार जाचक किंवा धोक्याचे उपचार थांबवणे योग्य ठरू शकते. पण रोगी सक्षम असेल तर निर्णय त्यानेच घ्यायचा आहे. हे दुसरे वाक्य आम्ही फार उशिरा वाचले.

२०२३ साली अमेरिकेत लेकानेमॅब या औषधाला पूर्ण मंजुरी मिळाली. ते मेंदूत साचलेले अॅमिलॉइड प्रथिन काढते. दीड वर्षाच्या चाचणीत रोग्यांची घसरण त्याने सुमारे २७ टक्के मंदावली. १८ गुणांच्या मोजपट्टीवर हा फरक अर्ध्या गुणापेक्षाही कमी. काहींच्या मेंदूला सूज आली, रक्तस्राव झाला. एवढ्याशा लाभासाठी एवढा धोका पत्करावा का, हे दुसऱ्याने कसे ठरवावे? आणि हे औषध फक्त रोगाच्या सुरुवातीलाच देतात. म्हणजे रोगी स्वतः हो-नाही म्हणू शकतो त्याच दिवसांत. आपण रोगाचे नाव लपवतो तेही नेमके त्याच दिवसांत!

आई आजही संध्याकाळच्या रोझरीत आमच्याबरोबर ओठ हलवते. आमची नावे तिला आठवत नाहीत. पहिल्या वर्षी एकदा तिनेच विचारले होते, 'पोरांनो, मला झालंय तरी काय?' आम्ही म्हणालो, 'काही नाही आई, वय झालंय.'