खुडूक कोंबडीचा हक्क

कोंबडी खाणाऱ्या माणसाने कोंबडीच्या हक्काविषयी बोलावे का? उद्या जी पातेल्यात जाणार, तिचा हक्क कसला, असे आपल्यातले पुष्कळजण म्हणतील. पण ज्याच्याकडून आपल्याला काहीच नको असते, त्याच्यावर दया करणे सोपे आहे. ज्याची अंडी आपण घेतो आणि ज्याचे मांस खातो, त्याच्याशी आपण कसे वागतो, यातच माणसाची नियत कळते.

आपल्या गावांतून अजूनही परसात खुराडे दिसते. ते बहुधा घरातल्या बाईचे असते. अंड्यांचे पैसे तिच्या हातातले. कुणाला हिशेब न देता खर्चता येणारे. मुलाची वही, औषधाची बाटली त्यातूनच येते. गावठी कोंबडी वर्षाला 60 ते 80 अंडी देते आणि मध्येच खुडूक होते. अंडी घालणे थांबते. पिसे फुलवून ती बसून राहते, जवळ गेले की चोच मारते.

दहा-बारा अंडी देऊन रवणाला बसवली, तर 21 दिवस ती आपले सारे अंग त्यांना देते. दिवसातून एखाद्या वेळी उठते, घाईघाईने दाणे टिपते, पाणी पिते आणि परतते. चोचीने अंडी फिरवते. छातीची पिसे गळून उघड्या कातडीची ऊब अंड्यांना मिळते. ती वाळत जाते. शेवटी कवचाच्या आतून पिल्लू चिवचिवते आणि ती बाहेरून जबाब देते. याला नुसती सवय म्हणून मोकळे होणे आम्हाला जमत नाही.

पण घरात अंडी हवी असतात. मग खुडूक मोडतात. तिला थंड पाण्यात बुडवतात, नाकपुडीतून पीस ओवतात. हे करणारी बाई दुष्ट नसते. गरिबीने हात कठोर होतात.

मोठ्या धंद्याने तर खुडूकच मोडून काढली. पिढ्यान्‌पिढ्या निवड करून व्हाइट लेगहॉर्नसारख्या जातींतून अंड्यांवर बसण्याची ओढ जवळजवळ नाहीशी केली गेली. आज अशा कोंबड्या वर्षाला 300च्या आसपास अंडी देतात. त्यामुळे गरिबाच्या मुलाला स्वस्त अंडे मिळाले, हे विसरता येणार नाही. पण याच जातींचे नर पिल्लू ना अंडे देते, ना पुरेसे मांस. म्हणून ते बहुतेक ठिकाणी पहिल्याच दिवशी मारले जाते. जर्मनीने 2022पासून कायद्याने हे थांबवले. परसातला कोंबडाही कापला जातोच, पण त्याआधी तो उकिरडा उकरतो, उन्हात धुळीने अंघोळ करतो, पहाटे बांग देतो. त्याच्या वाट्याला एक आयुष्य येते.

आपल्या दीनने यावर काय शिकवले? प्रेषित मुहंमद (स.) यांनी कोंबडी खाल्ल्याचे हदीसमध्ये आहे, म्हणजे खाण्याविषयी वाद नाही. पण पिल्ले उचलल्यामुळे एक पक्षीण तडफडताना पाहून, ती परत करा, असेही त्यांनीच सांगितले. कोंबडी बांधून तिच्यावर नेम धरणाऱ्यांना हजरत इब्न उमर (रजि.) यांनी सुनावले. जबह करतानाही सुरी धारदार असावी, जनावराला त्रास होऊ नये, अशी ताकीद आहे. खाण्याची मुभा आहे, छळण्याची नाही.

आपण मात्र हलालचा सारा हिशेब सुरीपाशी सुरू करतो आणि तिथेच संपवतो. कलमा नीट म्हटला का, हे विचारतो. ती कोंबडी बाजारात उलटी टांगून आणली का, तहानलेली होती का, हे विचारत नाही. तिचे शेवटचे चार क्षण आपल्या हिशेबात येतात, मग आधीचे दिवस कुणाच्या हिशेबात?

यावर उपाय अवघड नाही. जमेल तेव्हा तिला रवणाला बसवावे. नाहीच जमले, तर जाळीच्या तळाच्या हवेशीर पिंजऱ्यात, दाणापाणी देऊन चार दिवस ठेवावे. खालून गार हवा लागली की खुडूक आपोआप उतरते. त्यासाठी नाकात पीस घालावे लागत नाही.

खुराड्याची कडी आपल्या हातात असते. तिच्या आतला जीव आपल्याकडे अमानत आहे, मालमत्ता नंतर. अमानतीचा जाब सुरी उचलण्याच्या कितीतरी आधीपासून द्यावा लागतो.