नकाराची आणि स्वीकाराची नीती

बेंगळुरूत मी राहतो त्या भागाला सगळे जे. पी. नगर म्हणतात. आद्याक्षरांमागचे जयप्रकाश नारायण क्वचितच कुणाला आठवतात. १९५४ साली त्यांनी भूदानासाठी जीवनदान केलं. मंत्रिपद कधीच घेतलं नाही. सत्ता नाकारणाऱ्याला आपण सहज मोठं मानतो. मला मात्र त्यांच्याबरोबर मधू दंडवते आठवतात, ज्यांनी मंत्रिपद घेतलं. दोघांतला अधिक नैतिक मार्ग कोणता?

दंडवत्यांचंही या शहराशी नातं आहे. जून १९७५ मध्ये पक्षांतरबंदी विधेयकावरच्या संसदीय समितीच्या कामासाठी ते इथे आले होते. आणीबाणी लागली आणि वाजपेयी, अडवाणींसारखीच त्यांचीही रवानगी इथल्या मध्यवर्ती तुरुंगात झाली. पुढे पत्नी प्रमिलाताईही येरवड्याच्या तुरुंगात गेल्या.

१९७७ साली राजापूरचा हा खासदार, मूळचा भौतिकशास्त्राचा प्राध्यापक, रेल्वेमंत्री झाला. १९७४ च्या संपात बडतर्फ झालेल्या कामगारांना परत घेतलं गेलं. दुसऱ्या वर्गाच्या लाकडी बाकांवर दोन इंचांची गादी बसवायला सुरुवात झाली. समता आणायची तर वरच्याची गादी काढता येते किंवा खालच्याला देता येते. दंडवत्यांनी दुसरी वाट धरली.

पण सही करणाऱ्याच्या वाट्याला दोषही येतो. १९९० साली अर्थमंत्री म्हणून त्यांनी मांडलेल्या अर्थसंकल्पात शेतकऱ्यांचं दहा हजार रुपयांपर्यंतचं कर्ज माफ झालं. अडलेल्यांना दिलासा मिळाला. कर्ज फेडण्याची शिस्त मोडली, अशी टीकाही झाली. सत्तेबाहेरच्या माणसावर असा ठपका येत नाही, कारण त्याच्या सहीने कुणाचं कर्ज माफ होत नाही की कुणाची नोकरी परत मिळत नाही.

म्हणून नकार सोपा ठरतो का? तसंही नाही. जयप्रकाश मंत्री झाले असते, तर सत्तरी ओलांडल्यावरच्या त्यांच्या हाकेला लोक तसे धावले असते का? पद नको म्हणणाऱ्याच्या शब्दाला वजन असतं. पण ते वजन रेल्वेच्या बाकापर्यंत पोचवायला कुणाला तरी आत जावं लागतं, चुकण्याची तयारी ठेवून.

म्हणून मला स्वीकाराची कसोटी अशी वाटते : पद गेल्यावर मागे काय उरलं, आणि ते कुणाच्या उपयोगी पडलं? दंडवते २००५ साली गेले. देहही त्यांनी दान केला होता. आज उद्यान एक्स्प्रेसच्या स्लीपरमध्ये मुंबईकडे निघालेल्या प्रवाशाला त्यांचं नाव ठाऊक नसेल. त्याला झोप लागते, एवढं पुरे.