काइनाची खूण

अपराध पुरेसा भयंकर असला, की अपराध्याचे माणूसपणच संपुष्टात येते काय? फ्रिट्झ लांग या दिग्दर्शकाने १९३१ साली ‘एम्’ या जर्मन बोलपटातून हा प्रश्न विचारला.

महायुद्धातील पराभव, १९२३ची भीषण चलनवाढ आणि १९२९ नंतरची मंदी यांत जर्मन समाज होरपळला होता. १९३२च्या आरंभी तेथे ६० लाखांहून अधिक लोक बेकार होते. भ्यालेल्या समाजाला राग काढण्यासाठी कोणीतरी हवा असतो.

चित्रपटात बालकांची हत्या करणारा एक इसम शहरात मोकाट आहे. पोलिसांच्या धाडींमुळे गुन्हेगारांचा धंदा बसतो, म्हणून तेच त्याचा माग काढतात. ओळख पटावी यासाठी त्याच्या खांद्यावर खडूचे एक अक्षर उमटविले जाते. जर्मन भाषेतील ‘खुनी’ या शब्दाचे ते आद्याक्षर. मग एका ओसाड कारखान्यात ‘न्यायालय’ भरते. त्याचा प्रमुख स्वतःच तीन हत्यांसाठी पोलिसांना हवा असलेला! ‘मला स्वतःला थोपवता येत नाही’, असा आक्रोश पीटर लोरे या नटाने साकारलेला आरोपी करतो. जमाव त्याला हसतो आणि त्याचा जीव मागतो.

मातांचा शोक खरा आहे. चित्रपट तो कोठेही हलका करीत नाही. समाजाचे रक्षण झालेच पाहिजे. परंतु रक्षण वेगळे आणि एखाद्याला मानवजातीतून वजा करणे वेगळे. उत्पत्तीच्या पुस्तकात परमेश्वर काइनावर खूण करतो ती त्याला कोणी ठार मारू नये म्हणून. त्याला शिक्षा होते, पण त्याच्या जीवाची राखण देव स्वतःकडे ठेवतो. जमावाची खूण नेमकी उलट असते. ती शिकारीसाठी असते.

आणि ती एका खुन्यापाशी थांबत नाही. ज्यू असलेल्या लोरेने १९३३ साली जर्मनी सोडली. १९४० साली नाझींनी त्याचा तोच आक्रोश ज्यूविरोधी प्रचारपटात जोडला. एका पात्राचा अपराध आता अख्ख्या जमातीच्या माथी आला. त्याच सुमारास मनोरुग्ण आणि अपंग यांना ‘जगण्यास अपात्र’ ठरवून मारले जात होते. ऑगस्ट १९४१ पर्यंत ७० हजारांहून अधिक बळी गेले. त्यांचा अपराध तरी कोणता होता?

३ ऑगस्ट १९४१ रोजी म्युन्स्टरचे बिशप फॉन गालेन यांनी या हत्यांचा प्रवचनातून उघड निषेध केला. त्याच महिन्यात विषारी वायूने चाललेला हा संहार थांबविण्याचा आदेश निघाला. छुप्या हत्या मात्र चालूच राहिल्या. ज्यूंच्या बाजूने असा जाहीर शब्द त्यांच्याकडूनही आला नाही, हेही विसरता कामा नये.

निरपराध्याची बाजू घेणे फारसे कठीण नाही. ज्याची आपल्याला किळस येते, त्याच्याही जीवावर देवाचा हक्क आहे, हे मान्य करणे कठीण. पण तेथे आपण गप्प राहिलो, तर पुढची खूण कोणाच्या खांद्यावर उमटेल, हे आपल्या हाती उरत नाही.