कॉम्प्युटरमधलं अस्तेय



१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० ची नेहमीची सुरक्षा अपडेट्स बंद झाली. तेव्हापासून आपल्या बडोद्याच्या गटात एक प्रश्न पुन्हा पुन्हा येतोय. "ताई, विंडोज ११ टाकायचंय. दुकानवाला म्हणतो, पाचशेत ॲक्टिव्हेट करून देतो. टाकू का?" विचारणाऱ्याला हा मशीनचा प्रश्न वाटतो. आम्हा सेवेकऱ्यांना मात्र तो यम-नियमांचा वाटतो, म्हणून आज त्यावरच लिहितोय.

आपल्यातले बहुतेक जण शेजारच्या झाडाचा पेरूही न विचारता तोडणार नाहीत. रिक्षात कुणाचं पाकीट सापडलं तर मालक शोधत फिरतील. पण त्याच घरात क्रॅक केलेलं विंडोज वर्षानुवर्षं चालतं आणि कुणाला टोचत नाही. असं का? एक कारण सरळ आहे. पेरू तोडला की झाडावर एक कमी होतो. सॉफ्टवेअरची नक्कल केली तर मालकाकडचं काहीच कमी होत नाही. दिव्याने दिवा लावला तर पहिला दिवा मंद होतो का, असं आमच्यातल्याच एका काकांनी विचारलं. युक्तिवाद जोरदार आहे, आम्ही त्यावर बरेच दिवस विचार केला.

आम्हाला पटलेलं उत्तर असं. दिवा लावून घेताना आपण ज्याचा दिवा आहे त्याच्यासमोर उभे असतो, आणि तो वात पुढे करतो. इथे देणाऱ्याने हात पुढे केलेलाच नाही. नाटकाला शेवटच्या रांगेतली खुर्ची रिकामी होती म्हणून विनातिकीट जाऊन बसलं, तर नाटक मंडळीचं त्या क्षणी काही गेलं नाही हे खरं. पण त्यांनी बोलावलंही नव्हतं.

त्याहून मोठी गोष्ट आम्हाला नंतर कळली, जेव्हा गटातल्या एका मुलीने हे ॲक्टिव्हेटर चालतात कसे ते समजावून सांगितलं. मोठ्या ऑफिसांत शेकडो कॉम्प्युटर असतात. प्रत्येकाची किल्ली वेगळी तपासण्याऐवजी ऑफिसातच एक सर्व्हर ठेवतात, तो बाकीच्यांना "तुमचे पैसे भरलेले आहेत" अशी ग्वाही देतो. ती ग्वाही १८० दिवस चालते, मग पुन्हा घ्यावी लागते. बरेचसे ॲक्टिव्हेटर आपल्या घरच्या मशीनमध्ये असाच एक खोटा सर्व्हर उभा करतात. म्हणजे घरात एक खोटा साक्षीदार कायमचा ठेवायचा, आणि तो मुदत संपायच्या आत पुन्हा पुन्हा तीच खोटी साक्ष देणार. शिवाय तो आत घ्यायचा तर आधी अँटीव्हायरस बंद करावा लागतो. वॉचमनला रजा द्यायची आणि मग अनोळखी माणसाला दार उघडायचं! त्याच्याबरोबर आणखी कोण आत आलं ते कुणी बघितलंय? पतंजलींनी पाच यमांत अस्तेयाच्या आधी सत्य ठेवलंय. या बाबतीत आम्हाला आधी सत्यच मोडतंय असं वाटतं, चोरी त्यानंतर येते.

"कंपनी एवढी श्रीमंत, तिला काय फरक पडतो?" यावर फार लिहीत नाही. घेणाऱ्याचा धर्म देणाऱ्याच्या श्रीमंतीवर ठरत नसतो. पण एक तक्रार मात्र आम्हाला रास्त वाटते. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा चिप लागते आणि बऱ्यापैकी नवा प्रोसेसर लागतो. साधारण २०१८ च्या आधीचे बरेच कॉम्प्युटर, अगदी धडधाकट असूनही, त्यात बसत नाहीत. चालती वस्तू भंगारात घालायला लावणं हे अपरिग्रह मानणाऱ्याला खटकणारच. त्यासाठी वाटा आहेत, पण त्या चोरीच्या नाहीत. घरगुती वापरासाठी विंडोज १० ची वाढीव सुरक्षा अपडेट्स १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतात. मायक्रोसॉफ्ट खात्याशी सेटिंग्जचा बॅकअप जोडला तर त्याचे पैसेही पडत नाहीत.

आणि गंमत बघा, पाचशे रुपये देणाऱ्या कितीतरी जणांकडे खरं लायसन्स आधीच असतं. लॅपटॉप विंडोजसकट घेतला असेल, तर ८ पासूनच्या बहुतेक मशीनमध्ये किल्ली मदरबोर्डवरच कोरलेली असते. फॉर्मॅट करून तीच आवृत्ती टाकली की ती आपोआप उचलली जाते. अस्सल विंडोज १० वरून ११ वर जाणंही मोफत आहे, मशीन पात्र असेल तर. सेटिंग्जमध्ये ॲक्टिव्हेशन उघडून "डिजिटल लायसन्स" दिसतंय का ते आधी पाहा. फक्त मदरबोर्ड बदलण्याआधी लायसन्स आपल्या खात्याशी जोडून ठेवा. आणि लॅपटॉपबरोबर आलेलं लायसन्स त्या मशीनचंच असतं, दुसऱ्यावर नेता येत नाही. स्वतःचं असताना चोरीचं विकत घ्यायचं, याला काय म्हणावं?

अवघड भाग स्वस्त किल्ल्यांचा. ऑनलाइन चार-पाचशेत बिलासकट किल्ली मिळते, जी दुकानात हजारोंत असते. आमच्यातल्या एका ताईंचं म्हणणं, "आपण पैसे दिले, बिल घेतलं, पाप विकणाऱ्याचं." कायद्यातही, १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३ब मध्ये, "जाणूनबुजून" वापरणाराच दोषी धरलाय. पण न कळणं वेगळं आणि न विचारायचं ठरवणं वेगळं. सोन्याची बांगडी कुणी पाचशेला देऊ लागला तर आपण दोनदा विचारतोच ना? ताईंना हे अजून पूर्ण पटलेलं नाही, आणि त्या आमच्याशी रोज वाद घालतात.

खरी कसोटी गेल्या महिन्यात लागली. एका ज्येष्ठ काकांनी केंद्राला त्यांचा जुना कॉम्प्युटर सेवा म्हणून दिला. सुरू केला तर आत क्रॅक केलेलं विंडोज. काकांना त्याचा पत्ताच नव्हता, दुकानवाल्याने टाकून दिलेलं. आम्ही ते काढायचं ठरवलं आणि काकांना सांगितलं. ते दुखावले. "माझं दान तपासून घेतलंत?" म्हणाले. न सांगता गुपचूप बदलता आलं असतं, पण मग सत्याचं काय, असं आम्हाला वाटलं. त्यावर लिनक्स मिंट टाकलं. लिनस टोरवाल्ड्सनी १९९१ मध्ये सुरू केलेलं हे काम, त्याच्या आधी १९८३ मध्ये रिचर्ड स्टॉलमनने मांडलेला मुक्त सॉफ्टवेअरचा विचार. इथे देणारा स्वतःच म्हणतो, घ्या, वाटा, बदला. काकांचा दिवा इथे खरा लागू पडतो! मराठी टायपिंग होतं, लिबरऑफिसमध्ये पत्रकं होतात. हिशेबाचं आपलं जुनं सॉफ्टवेअर मात्र त्यावर चालत नाही आणि प्रिंटरने दोन दिवस छळलं, हेही सांगायला हवं. काका अजून थोडे अबोलच आहेत. परवा मात्र येऊन त्यावर प्रवचन ऐकत बसले होते.

एका काकूंचा प्रश्न आमच्याकडून अजून सुटलेला नाही. मुलाच्या घरी राहतात, घरचा कॉम्प्युटर मुलाचा, विंडोज क्रॅक केलेलं. मुलगा ऐकत नाही. मग त्यावर त्यांनी भजनं लावावीत की नाही? आमच्यात सरळ दोन तट पडले आहेत. तुमचं मत ग्रुपवर जरूर लिहा, काकू वाट बघतायत.

ज्यांना आपलं लायसन्स तपासून घ्यायचंय त्यांनी रविवारी सत्संगानंतर लॅपटॉप घेऊन थांबावं. खरेदीचं बिल असेल तर तेही आणा, आणि चार्जर विसरू नका.