वाटप न झालेली चादर



पेणच्या बाजारपेठेत विजेच्या सामानाचे दुकान असलेल्या एका दुकानदाराची कल्पना करा. मुंबईच्या घाऊक व्यापाऱ्याकडून तो एक पंखा हजार रुपयांना घेतो आणि त्यावर १८ टक्के, म्हणजे १८० रुपये जीएसटी देतो. तोच पंखा रोह्याच्या गिऱ्हाइकाला तेराशे रुपयांना विकताना तो २३४ रुपये कर घेतो. शासनाकडे मात्र त्याला ५४ रुपयेच भरावे लागतात, कारण खरेदीवर दिलेले १८० रुपये वजा होतात. या वजावटीलाच व्यापारी ‘आयटीसी’ म्हणतात. १ जुलै २०१७ पासून ही पद्धत चालू आहे आणि राज्यातल्या राज्यात झालेल्या अशा विक्रीवरचा निम्मा कर महाराष्ट्राच्या तिजोरीत जातो.

आता त्याला कोणी सुचवले की, थोडे पैसे टाकले तर न झालेल्या खरेदीचे बिल मिळते. माल येत नाही, नुसता कागद येतो. पण त्यावरचा करही वजावटीत धरता येतो. आपला दुकानदार पाच वेळचा नमाजी आहे. शेजाऱ्याच्या गल्ल्यातला रुपया तो उचलणार नाही. तरीही हा कागद घेताना त्याचा हात फारसा थरथरत नाही, आणि याच गोष्टीचा आपण विचार करायचा आहे.

त्याच्याजवळ एक युक्तिवाद तयार असतो. शरीअतने जकात फर्ज केली आहे, सरकारी कर नव्हे. हा वाद जुना आहे. जुलमी वसुलीचा प्रेषित मुहम्मद (स.) यांनी कडक निषेध केला, हे खरे, आणि सार्वजनिक गरज खरी असून तिजोरी अपुरी पडत असेल तर न्याय्य कर घेता येतो, असे इमाम गझाली आणि इमाम शातिबी यांनी मांडले, हेही खरे. पण आपल्या दुकानदाराच्या बाबतीत हा वाद उपस्थितच होत नाही. ते २३४ रुपये त्याचे नव्हतेच. ते गिऱ्हाइकाने दिले, बिलावर स्पष्ट लिहून दिले, आणि तिजोरीत पोहोचवण्यासाठी दिले. तो करदाता नाही, तो वाहक आहे. अमानत हक्कदाराकडे पोहोचवण्याची कुरआनची आज्ञा (सूरह निसा, आयत ५८) त्याला थेट लागू होते.

हा प्रश्न दुकानापुरता नाही, घरातही आहे. २८ जून २०२४ रोजी विधिमंडळात मांडलेल्या अतिरिक्त अर्थसंकल्पात ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजना जाहीर झाली. २१ ते ६५ वर्षे वयाच्या, अडीच लाखांपेक्षा अधिक वार्षिक कौटुंबिक उत्पन्न नसलेल्या कुटुंबांतील महिलांना दरमहा १,५०० रुपये. अर्जासोबत हमीपत्र द्यायचे होते. जुलै २०२५ मध्ये महिला व बालविकास मंत्री आदिती तटकरे यांनी सांगितले की, सुमारे २६ लाख ३४ हजार लाभार्थी अपात्र आढळले असून त्यांचा लाभ स्थगित केला आहे. (तटकरे घराणे रोहे तालुक्यातलेच, आणि देशाचे अर्थमंत्री झालेले चिंतामणराव देशमुख यांचे बालपणही रोह्यातच गेले. तिजोरीचा हिशोब या गावाला नवा नाही.) त्या सर्वांनी खोटेच लिहिले असे म्हणणे अन्यायाचे होईल, निकष न समजून अर्ज करणाऱ्याही पुष्कळ असतील. पण घरात चारचाकी उभी असताना ‘नाही’ असे लिहून खाली सही करणे, ही खोटी साक्ष आहे.

खैबरहून परतण्याच्या वेळची घटना हदीसच्या ग्रंथांत आली आहे. प्रेषितांच्या एका सेवकाला अचानक बाण लागला व तो मरण पावला. लोक म्हणाले, त्याला शहादत लाभली. प्रेषितांनी (स.) ते नाकारले आणि सांगितले की, गनीमतीतून वाटपाआधी त्याने घेतलेली चादर त्याच्यावर आग होऊन पेटली आहे. हे ऐकताच एक माणूस पादत्राणाच्या एकदोन वाद्या घेऊन आला. त्याही आगीच्याच, असे त्याला सांगण्यात आले.

वादीची किंमत ती काय! शिवाय सैन्याबरोबर असलेल्या त्या माणसाचा गनीमतीत कदाचित वाटाही असेल. ‘आमच्याच कराचा पैसा, थोडा आम्ही घेतला तर काय बिघडले?’ असे आज म्हणतात. त्यालाही म्हणता आले असते. परंतु वाटप झालेले नव्हते. वाटपाआधी त्या वस्तूत प्रत्येकाचा हक्क असतो, म्हणून कोणा एकाला ती उचलण्याचा अधिकार नसतो. राज्याची तिजोरी अशीच आहे. शेजाऱ्याचे पैसे बुडवले तर त्याचे दार ठोठावून माफी मागता येते. इथे कोट्यवधी दारे आहेत. त्यांत पेण-रोह्याच्या डोंगरातल्या कातकरी वाड्यांवरची दारेही आली.

‘सरकार तरी कुठे प्रामाणिक आहे?’ हा प्रश्न रास्त आहे आणि तो विचारलाच पाहिजे. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात सुमारे ४५,८९१ कोटींची महसुली तूट दाखवली गेली. निवडणुकीपूर्वी दिलेल्या आश्वासनांचा भार कोणी उचलायचा, हे राज्यकर्त्यांना विचारायला हवे. काझी अबू यूसुफ यांनी खलीफा हारून रशीद यांच्यासाठी ‘किताबुल खराज’ लिहिला, त्यात रयतेवर झेपणार नाही असा भार टाकू नये, असे राज्यकर्त्यालाच बजावले. मात्र राज्यकर्त्याची खियानत आपल्या खियानतीचा परवाना ठरत नाही. दोघांचे हिशोब वेगळे होतील.

काही मंडळी अशी रक्कम मदरशाला किंवा गरिबाला देऊन मोकळी होतात. हेतू चांगला असला तरी फिकहचा नियम वेगळा आहे. मालक सापडत नसेल तेव्हाच त्याच्या वतीने सदका करायचा. मालक माहीत असेल तर वस्तू त्यालाच परत करायची. इथे मालक माहीत आहे. चुकीने वा मुद्दाम घेतलेली वजावट व्यापाऱ्याला ‘डीआरसी-०३’ या अर्जाने स्वतःहून भरता येते, आणि योजनेचे पैसे चलनाने शासकीय तिजोरीत जमा करता येतात. नेमकी रक्कम आठवत नसेल तर मनाला दाट खात्री वाटेल इतका अंदाज धरावा, आणि शंका असेल तिथे आकडा वरचा घ्यावा.